टॅग नेमकं करतो काय? एचटीएमएल, एक्सएमएल आणि मंडळी, साध्या मराठीत

३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ऑनलाइन केवायसीबद्दल एक निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या काही जणी आणि एक पूर्ण अंध व्यक्ती कोर्टात गेल्या होत्या, कारण खातं उघडायचं तर कॅमेऱ्यासमोर पापण्या मिचकावून दाखवा, चेहरा चौकटीत बसवा, असल्या अटी त्यांना पुऱ्या करताच येत नव्हत्या. कोर्ट म्हणालं की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि सोबत २० निर्देशही दिले.

असं काही वाचलं की आपल्याला वाटतं, आता यासाठी काहीतरी भारी सॉफ्टवेअर आणावं लागणार, कोटीकोटीचं टेंडर निघणार. पापण्या मिचकावण्याचा प्रश्न वेगळा आहे, त्याला दुसरा मार्ग द्यावाच लागेल. पण बाकीचं काय? फॉर्ममधला रकाना कशाचा आहे हे न बघता कळणं, बटण हे बटण आहे हे कळणं, पान कुठल्या भाषेत आहे हे कळणं, यातलं जवळपास सगळं एचटीएमएल नावाच्या, वेबची पानं लिहायच्या जुन्या भाषेत आधीपासून आहे, फुकट आहे, फक्त नीट वापरलं जात नाही. आणि त्याचं कारण माझ्या मते असं की एचटीएमएल कशासाठी असतं हे बऱ्याच जणांना, अगदी त्यावर पोट भरणाऱ्यांनाही, उलटं शिकवलेलं असतं. तेच सुलटं करून बघू. कोडिंग येत नसलं तरी चालेल.

पत्रिका छापायला देताना

लग्नाची पत्रिका प्रेसमध्ये द्यायला जाता तेव्हा हातात एक कच्चा कागद असतो. त्यावर छापायचा मजकूर असतो आणि त्याच कागदावर, बहुतेक वेळा दुसऱ्या शाईने, प्रेसवाल्यासाठी सूचना असतात. गणपती वर मध्ये, वधूवरांची नावं ठळक, मुहूर्ताची ओळ चौकटीत, खाली कोपऱ्यात बारक्यांचं "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!" वगैरे. मजकूर छापायचा असतो, सूचना पाळायच्या असतात. नवख्या पोऱ्याने "नाव ठळक करा" हे शब्दसुद्धा छापून टाकले तर घरात काय होईल ते सांगायला नको.

मजकूर आणि त्या मजकुराबद्दलच्या सूचना एकाच कागदावर लिहायच्या, पण एकमेकांत मिसळू द्यायच्या नाहीत, ह्याला मार्कअप म्हणतात. सूचना कुठल्या खुणांनी लिहायच्या याचे नियम ठरवून दिले की झाली मार्कअप लँग्वेज, एचटीएमएल ही त्यातलीच एक. कॉम्प्युटरला दुसरी शाई कळत नाही, म्हणून सूचना कोनी कंसात घालतात, आणि त्या कंसासकट सूचनेला टॅग म्हणतात. एक टॅग उघडणारा, एक तिरकी रेघ घातलेला बंद करणारा, मधे मजकूर. आणि हा कागद वाचून पान मांडणारा आपला प्रेसवाला म्हणजे ब्राउझर, क्रोम, फायरफॉक्स, जे काय तुम्ही वापरत असाल ते.

आता खरी मेख. सूचना दोन तऱ्हांनी देता येते. "ही ओळ लाल, अठरा पॉइंट, मध्यभागी" असं सांगा, नाहीतर "हे वधूचं नाव", "हा मुहूर्त", "हा हॉलचा पत्ता" एवढंच सांगा आणि काय कसं छापायचं त्याचा वेगळा तक्ता द्या. पहिल्या तऱ्हेनेही पत्रिका छान छापून येईल. पण तीच माहिती उद्या व्हॉट्सॲपवर पाठवायच्या व्हिडिओत घालायची, हॉलच्या दारावरच्या बोर्डावर लावायची, किंवा डोळ्यांना कमी दिसणाऱ्या आजीला फोनवर वाचून दाखवायची म्हटली, तर "लाल, अठरा पॉइंट" चा काडीचा उपयोग नाही. "हा मुहूर्त" चा आहे, तिन्ही ठिकाणी आहे.

तुम्ही हे रोज करता

सोसायटीच्या ग्रुपवर "उद्या पाणी येणार नाही" लिहिताना लोकांचं लक्ष जावं म्हणून दोन्ही टोकांना चांदणी लावता ना, तेच मार्कअप. पाठवल्यावर चांदण्या गायब होतात आणि अक्षरं ठळक होतात. दोन्ही टोकांना अंडरस्कोर दिला की अक्षरं तिरकी, नागमोडी रेघ दिली की खोडलेली. बऱ्याच काकांना हे एचटीएमएलवाल्यांपेक्षा चांगलं जमतं.

याच जातीची पण जरा थोरली बहीण म्हणजे मार्कडाउन. जॉन ग्रुबर या अमेरिकन लेखकाने २००४ मध्ये ॲरन स्वार्ट्झच्या मदतीने ती काढली, उद्देश एवढाच की एचटीएमएलचे कंस टाइप करत बसायला लागू नये आणि कच्चा मजकूरही माणसाला वाचता यावा. तिच्यात ठळक करायला चांदण्या दोन-दोन लागतात आणि मथळ्यासाठी ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह. चॅटजीपीटीसारखे एआय चॅटबॉट उत्तर लिहितात ते बहुतेक मार्कडाउनमध्येच. म्हणून तर हल्ली ग्रुपवर "सकाळी कोमट पाणी पिण्याचे दहा फायदे" छाप मेसेज येतात त्यात जागोजागी जोडचांदण्या आणि हॅश सांडलेले असतात. एका मार्कअपच्या सूचना दुसऱ्याच्या हातात पडल्या की त्या पाळल्या जात नाहीत, छापल्या जातात. पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलंय की कुठून उचललंय तेही त्यातून कळतं, तो आणखी एक फायदा.

हे आलं कुठून

वेबच्याही आधी. १९६९ मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी हे तिघे वकिलांच्या ऑफिसांसाठी कागदपत्रांची व्यवस्था बनवत होते. गोल्डफार्ब स्वतः वकिलीचं शिक्षण घेतलेला. अडचण अशी की मजकूर दुरुस्त करणारा प्रोग्राम वेगळा, शोधणारा वेगळा, छापणारा वेगळा, आणि एकाने घातलेल्या खुणा दुसऱ्याला कळायच्या नाहीत. त्यावर त्यांनी तोडगा काढला की खुणांमध्ये "हे शीर्षक आहे", "हा परिच्छेद आहे" एवढंच लिहायचं, मग ज्याला जे करायचंय ते त्याने करावं. त्यातून जीएमएल ही मार्कअप लँग्वेज आली आणि तिच्यावरून १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड झालं.

टिम बर्नर्स-ली जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत होता. तिथे शेकडो संशोधक, तऱ्हेतऱ्हेचे कॉम्प्युटर, आणि कुणाची कागदपत्रं कुणाच्या मशीनवर उघडतील याचा भरवसा नाही. १९८९ मध्ये त्याने प्रस्ताव लिहिला, १९९० संपेपर्यंत पहिला ब्राउझर चालू केला, आणि १९९१ मध्ये एचटीएमएलच्या टॅगची पहिली यादी मांडली. टॅग किती, तर १८. त्यातले बरेचसे सर्नमध्ये आधीच वापरात असलेल्या एसजीएमएलच्या पद्धतीतून सरळ उचललेले, मोठी नवी गोष्ट म्हणजे एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारी लिंक. रंग नाही, फॉन्ट नाही, फोटोसुद्धा नाही! मथळा, परिच्छेद, यादी, पत्ता, असले सगळे "काय आहे" सांगणारे टॅग. पुढे ३० एप्रिल १९९३ ला (हो, योगायोगाने सुरुवातीच्या निकालाचीच तारीख) सर्नने हे सगळं कुणालाही फुकट वापरायला मोकळं केलं.

मग बाजार आला. १९९३ मध्ये मोझेक ब्राउझरने फोटोचा टॅग आणला, तो ठीकच होता. पण पुढे नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांची जुंपली आणि रोज नवा टॅग. फॉन्टचा टॅग, मध्यभागी आणायचा टॅग, नेटस्केपचा उघडझाप करणारा ब्लिंक, मायक्रोसॉफ्टचा सरकत जाणारा मार्की. मार्की माहीत नसेल तर कुठलीही जुनी सरकारी साइट आठवा, वर "महत्त्वाची सूचना" घेऊन जी पट्टी उजवीकडून डावीकडे धावत असते आणि वाचायच्या आत निघून जाते, तीच ती. स्टँडर्डमध्ये मार्की बाद ठरवलेला आहे, तरी जुनी पानं मोडू नयेत म्हणून ब्राउझर त्याला अजून पोसतात.

या गोंधळावर उतारा म्हणून हॉकोन व्हियुम ली याने १९९४ मध्ये सीएसएसची कल्पना मांडली, डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली. सीएसएस म्हणजे वर म्हटलेला तो वेगळा तक्ता, काय कसं छापायचं त्याचा. तेव्हापासून वाटणी अशी आहे की काय आहे ते एचटीएमएल सांगणार, कसं दिसायचं ते सीएसएस, आणि क्लिक केल्यावर काय घडायचं ते जावास्क्रिप्ट. पण तोवर एक अख्खी पिढी "टॅग म्हणजे अक्षर मोठं करायची युक्ती" असं शिकून बसली होती आणि तिनेच पुढच्यांना शिकवलं. आजही कितीतरी क्लासमध्ये पहिल्या दिवशी अक्षर लाल कसं करायचं हेच दाखवतात, पोरांना मजा येते म्हणून.

एक फॉर्म जवळून बघू

समजा पाणीपट्टी भरायचा ऑनलाइन फॉर्म आहे. मोबाइल नंबरचा रकाना, ओटीपीचा रकाना, "अटी मान्य आहेत" ची टिक आणि खाली "पुढे जा". (टॅग खरं तर रोमन अक्षरांत लिहितात, मी इथे नुसता उच्चार लिहितेय, कॉपी करून बघू नका, चालणार नाही.) "पुढे जा" असं लिहिता येतं:

<डिव्ह>पुढे जा</डिव्ह>

किंवा असं:

<बटन>पुढे जा</बटन>

डिव्ह हा बिनअर्थाचा टॅग आहे, "इथे काहीतरी आहे" इतकंच तो सांगतो. त्याला सीएसएसने हिरवा रंग, गोल कोपरे, थोडी सावली दिली आणि जावास्क्रिप्टने क्लिक जोडलं की पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात आणि माउसने दोन्ही चालतात. आता माउस बाजूला ठेवा आणि कीबोर्डवरची टॅबची कळ दाबत जा. बटन टॅगपाशी ती थांबेल, एंटर दाबलं की काम होईल. डिव्हपाशी थांबणारच नाही, त्याला ओलांडून पुढे निघून जाईल. ज्याचा हात थरथरतो म्हणून माउस धरता येत नाही, त्याचा फॉर्म इथेच अडकला. अंध लोक स्क्रीन रीडर वापरतात, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, २००६ साली सुरू झालेलं एनव्हीडीए तर फुकट मिळतं. डिव्हपाशी आला की तो म्हणतो "पुढे जा". ऐकणाऱ्याला वाटणार ही कसली तरी सूचना आहे, आणि तो खाली बटण शोधत बसणार. बटन टॅगपाशी तो म्हणतो "पुढे जा, बटण".

सहा अक्षरी इंग्रजी टॅगच्या जागी तीन अक्षरी टॅग लिहिला, एवढ्यावरून हे रामायण. बरं, डिव्हलाही बटणासारखं वागायला शिकवता येतं, पण त्याला जास्तीच्या चार-पाच गोष्टी हाताने लिहाव्या लागतात आणि त्यातली एखादी हमखास राहते. जी गोष्ट आयती मिळते ती नाकारून हाताने अर्धवट बनवायची, याला काय म्हणावं.

टिकची चौकट घ्या. काही साइटवर "अटी मान्य आहेत" या शब्दांवर कुठेही बोट टेकवलं तरी टिक होते आणि काही साइटवर त्या इवल्याशा चौकोनावरच नेम धरावा लागतो, तुम्ही अनुभवलं असेल. फरक लेबल टॅगचा. पहिलीवाल्यांनी शब्द आणि चौकट लेबलने एकमेकांना जोडलेत, दुसरीवाल्यांनी नुसते शेजारी ठेवलेत. शेजारी ठेवलेले शब्द डोळ्याला कळतात, स्क्रीन रीडर मात्र मोबाइल नंबरच्या रकान्यापाशी येऊन फक्त "एडिट" म्हणून गप्प बसू शकतो. काय एडिट, कशाचं एडिट?

ओटीपीचं तर सगळ्यांनाच लागू. कुठे ओटीपीच्या रकान्यावर बोट ठेवलं की नुसते आकडे वर येतात, कुठे अख्खा एबीसीडीचा कीबोर्ड. रकान्याच्या टॅगमध्ये "इथे आकडे येणार" असं लिहिलंय का नाही, तेवढाच प्रश्न. "हा ओटीपीचा रकाना आहे" असंही लिहायची सोय आहे, ते असलं की आयफोन मेसेजमधला कोड स्वतःहून कीबोर्डच्या वर आणून ठेवतो. सांगायचा मुद्दा, यात अंधांसाठी खास असं काही केलेलंच नाही. एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात फोन असलेल्या माणसाचंही तेवढंच भलं होतं.

"पण दिसतंय ना बरोबर, मग झालं की!"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि मराठी माणसाने तरी तो घेऊ नये, कारण "दिसतंय ना बरोबर" चे चटके आपण वर्षानुवर्षं खाल्लेत.

डीटीपी केलेल्यांना आठवेल, युनिकोड ही अक्षरं साठवायची आजची पद्धत रुळायच्या आधी कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीसारखे फॉन्ट असायचे. त्यात कॉम्प्युटर साठवायचा रोमन अक्षरंच, फक्त फॉन्टमध्ये त्या अक्षरांची चित्रं देवनागरी काढलेली असायची. कृतिदेवमध्ये "मराठी" लिहायला ई, जे, के, कॅपिटल बी, एच या कळा दाबायच्या. पडद्यावर मराठी, पोटात ईजेकेबीएच. जुन्या मराठी साइट अशाच चालायच्या, एचटीएमएलमधल्या फॉन्ट टॅगने "हा अमुक फॉन्ट लाव" असं सांगायचं, आणि पानावर वर कुठेतरी "मजकूर दिसत नसल्यास फॉन्ट डाउनलोड करा" अशी लिंक. फॉन्ट असेल तर अग्रलेख, नसेल तर कचरा. गूगलवर मराठी शब्द टाकून ते पान सापडायचं नाही, कारण त्या पानात तो शब्द मुळी नव्हताच, त्याचं सोंग होतं. वर्षानुवर्षांचा मजकूर असाच गेला, साइट बदलल्या आणि जुना माल बदलून घ्यायला कुणाला वेळ झाला नाही.

आता युनिकोड आहे, प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. तरी पानाच्या डोक्यावर एक ओळ लागते, हा मजकूर यूटीएफ-८ पद्धतीने साठवलाय असं सांगणारी. ती ओळ राहिली किंवा चुकली तर काय होतं ते कधी ना कधी बघितलं असेल, मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि चार काटे फुटलेलं गोल चिन्ह, हीच जोडगोळी पानभर परत परत.

त्याहून दुर्लक्षित म्हणजे भाषेची खूण. सगळ्यात बाहेरच्या टॅगमध्ये पान कुठल्या भाषेत आहे ते लिहायचं असतं, मराठीसाठी एम-आर ही दोन अक्षरं. रेडीमेड टेम्पलेटमध्ये तिथे बऱ्याचदा ई-एन, म्हणजे इंग्रजी असतं, आणि कुणी बदलत नाही. कशाला हवं? एक तर स्क्रीन रीडर त्यावरून आवाज निवडतो. मराठी पानावर हिंदीची खूण असली तर हिंदी आवाज वाचायला लागतो आणि "चाक" मधला च हिंदी "चाचा" मधल्या च सारखा ऐकू येतो, लगोलग डोकं उठतं.

दुसरं कारण डोळ्यांचं. हिंदी पुस्तकांतला ल आणि आपला ल दिसायला वेगळा, श चंही तसंच. राज्य सरकारने २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं की मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरा. लोकांना वाटलं आता नवे फॉन्ट आणावे लागणार. पण युनिकोडमध्ये हिंदी ल आणि मराठी ल यांचा क्रमांक एकच आहे, आणि नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार एकत्र भरलेले आहेत. कुठला दाखवायचा ते फॉन्ट कशावरून ठरवतो? त्या एम-आर वरून. म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर मराठी ल साठी पानावर एकदा दोन अक्षरं लिहायची, बस्स. लिपीच्या अभिमानावर भांडणाऱ्या किती साइटवर ती दोन अक्षरं आहेत, ते स्वतःच बघा.

"ब्राउझर चुका सांभाळून घेतो, मग नियम पाळायचे कशाला?"

घेतो खरा. बंद करणारा टॅग विसरलात, टॅग उलटसुलट घातलेत, तरी पान उघडतं. ठळक करणारा टॅग बंद करायचा राहिला की तिथून खाली सगळं ठळक होतं, यापलीकडे आभाळ कोसळत नाही.

याच्या बरोबर उलट स्वभावाची भाषा म्हणजे एक्सएमएल, १९९८ ची. तिच्यात टॅग ठरलेले नसतात, तुम्ही तुमचे बनवायचे, बिल, ग्राहक, रक्कम, काहीही. पण एक टॅग जरी उघडा राहिला तरी अख्खी फाइल नामंजूर. टॅलीमध्ये एक्सएमएलने एंट्र्या इम्पोर्ट करणाऱ्या अकाउंटंटला विचारा, त्याला हा राग माहीत आहे. "एक्सएमएल मेलं ना आता?" असं विचारणाऱ्यांसाठी, आधारचं ऑफलाइन केवायसी डाउनलोड केलंत तर जी झिप फाइल येते तिच्या आत एक्सएमएलच असतं, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या डिजिटल सहीसकट. वर्डची डॉक्स फाइल म्हणजेही एक झिपच, नाव बदलून मागे झिप लावा आणि उघडा, आत एक्सएमएलच्या फायली सापडतील. प्राप्तिकराचं रिटर्न २०२१ पासून एक्सएमएलऐवजी जेसन या माहिती लिहायच्या दुसऱ्या पद्धतीत गेलं, ते मात्र खरं, नुसते आकडे आणि नावं पाठवायची तर जेसन सुटसुटीत पडतं. पण लांबलचक मजकूर आणि त्यातल्या मधल्याच शब्दाबद्दल काही सांगायचं असेल तर जेसनमध्ये ते फार कसरतीचं होतं.

वेबलाही एक्सएमएलची शिस्त लावू, असा प्रयत्न २००० साली एक्सएचटीएमएल नावाने झाला. नियमाप्रमाणे वागायचं तर पानात कुठे एक चूक असली की ब्राउझरने पान न दाखवता एरर दाखवायची. विचार करा, एखाद्याने कॉमेंटमध्ये चुकीचा कंस टाकला म्हणून अख्खी बातमी गायब! लोकांनी काय केलं, एक्सएचटीएमएल लिहिलं पण ब्राउझरला "हे साधं एचटीएमएलच आहे हो" म्हणून पाठवलं. २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेरा या ब्राउझर बनवणाऱ्यांतल्या मंडळींनी वेगळी चूल मांडली, २००९ मध्ये एक्सएचटीएमएलच्या पुढच्या आवृत्तीचं काम गुंडाळलं गेलं आणि २०१४ मध्ये एचटीएमएल ५ अधिकृत झालं. या वेगळ्या चुलीने केलेलं खरं मोलाचं काम म्हणजे चुका झाल्या तर त्या नेमक्या कशा सावरायच्या हे पायरी-पायरीने लिहून काढलं. त्याआधी प्रत्येक ब्राउझर आपापल्या अकलेने अंदाज बांधायचा, आता सगळे एकसारखाच बांधतात.

तरी अंदाज तो अंदाज. ब्राउझर मोडका टॅग सावरेल, पण तुम्ही मथळ्याच्या जागी नुसतं मोठं ठळक वाक्य ठेवलंत तर तो मथळा होता हे त्याला कोण सांगणार? एनव्हीडीएमध्ये एच दाबलं की पुढच्या मथळ्यावर उडी मारता येते, डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो तसं. मथळ्याचे टॅगच नसतील तर ऐकणाऱ्याला पहिल्या ओळीपासून सगळं ऐकत बसावं लागतं, मेनूसकट, जाहिरातींसकट.

"एचटीएमएल ही काय प्रोग्रामिंग लँग्वेज आहे?"

नाही. "असं असेल तर तसं कर", "हे दहा वेळा कर" असं काही तिच्यात सांगता येत नाही. यावरून नवशिक्यांची टिंगल करायची फॅशन आहे, ती करणाऱ्यांचीच पानं एकदा टॅब दाबत फिरून बघावीत.

"आता एआय लिहून देतं, मला कशाला हे कळायला हवं?"

देतं, आणि झकास दिसणारं देतं. पण ते शिकलंय कुठून, तर आहे त्याच वेबवरून. वेबएम नावाची अमेरिकेतली संस्था दर वर्षी दहा लाख होमपेज मशीनने तपासते. २०२४ मध्ये त्यातल्या ९५.९ टक्के पानांवर अडथळे सापडले, आणि नेहमी सापडणाऱ्या सहा चुकांमध्ये रकान्यांना लेबल नसणं, बटणं रिकामी असणं आणि पानाची भाषा न लिहिणं, ह्या तिन्ही आहेत. असल्या शिदोरीवर वाढलेल्या एआयला "एक हिरवं बटण दे" म्हटलं की ते कधी बटन टॅग देईल, कधी डिव्ह. दिसायला सारखेच, त्यामुळे नुसतं बघून तुम्हाला कळणार नाही. मागताना "बटन टॅग वापर, रकान्यांना लेबल जोड, भाषा मराठी लिही" असं म्हणता आलं तर ते निमूट करतं. आता हे म्हणायला काय माहीत असावं लागतं ते तुम्ही इथवर वाचलंच आहे.

वर्डप्रेसवर, म्हणजे कोड न लिहिता साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर, लिहिणाऱ्यांनाही हेच. मथळा द्यायचा तर ओळ सिलेक्ट करून मोठी-ठळक करू नका, मथळ्याचा पर्याय निवडा. फोटो टाकताना "पर्यायी मजकूर" नावाचा रकाना येतो तो रिकामा सोडू नका, त्यात फोटोत काय आहे ते एका वाक्यात लिहा. आणि अख्खी सूचना जेपीजी बनवून चिकटवायची सवय असेल तर कृपया सोडा, निदान तोच मजकूर खाली टाइप तरी करा.

स्वतः तपासायचं असेल तर

कॉम्प्युटरवर आपल्या गावच्या पालिकेची, शाळेची किंवा बँकेची साइट उघडा. कंट्रोल आणि यू एकत्र दाबा, त्या पानाचा कच्चा कागद समोर येईल, घाबरू नका, त्यात काही बिघडत नाही. अगदी वर एचटीएमएल टॅगच्या आत लँग लिहिलेलं शोधा आणि पुढे अवतरण चिन्हात काय आहे ते बघा. मग मूळ पानावर येऊन माउसला हात न लावता फक्त टॅब आणि एंटरने एखादा फॉर्म भरून पाठवून बघा. कुठे अडलात ते लिहून काढा आणि साइटच्या खाली संपर्काचा जो पत्ता असेल तिथे मेल करा, "पान मराठी आहे पण भाषेची खूण इंग्रजी आहे" किंवा "पुढे जा हे बटण कीबोर्डने चालत नाही" इतक्या साध्या शब्दांत. पहिल्या तक्रारीचं काम टेम्पलेटमध्ये एकदाच दोन अक्षरं बदलायचं आहे, ते केलं की साइटवरची सगळी पानं एका फटक्यात दुरुस्त होतात. दुसरीला थोडा वेळ लागतो, कारण डिव्ह काढून बटन घातलं की सीएसएसवाला कुरकुर करतो.